शेर्विनच्या घाटात

कॅलिफोर्निया म्हटले म्हणजे आपल्या इकडील मंडळींच्या डोळ्यांपुढे पॅसिफिक महासागराचा किनारा, सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल आणि संगणकाच्या धंद्यात गेलेली कोणाची तरी मुले-सुना एवढेच काय ते उभे राहते. परंतु त्याच प्रांताच्या पाठीमागे, सिएरा नेवाडा पर्वताची भिंत ओलांडली की, एक लांबच लांब, कोरडी आणि विलक्षण शांत दरी लागते. तिचे नाव ओवेन्स दरी. पश्चिमेस सिएराचे करवती दात, पूर्वेस व्हाइट आणि इन्यो पर्वतांच्या भुऱ्या रांगा आणि मधून दक्षिणोत्तर गेलेला ३९५ क्रमांकाचा हमरस्ता. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार फूट, आणि तेथून मान वर करावी तो माउंट व्हिटनीचा १४,५०५ फूट उंचीचा सुळका एकदम समोर ठाकतो. कोकणात उतरणारा सह्याद्रीचा कडा ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही. मात्र सह्याद्रीचे हिरवेपण त्यातून काढून घ्यावे, आणि उंची तिप्पट करावी.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या आरंभी आम्ही सहकुटुंब ह्या दरीत जाऊन आलो. मंडळीत आम्ही, आमच्या सौभाग्यवती, अठरा वर्षांची कन्या आणि पुण्याहून आलेले आमचे धाकटे काका. काकांची ओळख थोडी विस्ताराने करून देणे अवश्य आहे. वय शहात्तर. उमेदीची चौतीस वर्षे दापोडीच्या एस. टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे म्हणून त्यांची त्या काळी ख्याती होती. गाडी आवारात शिरली की हातातला चहा न ठेवता ‘तिसऱ्या नंबरचा नोझल’ असे म्हणत, आणि तो तिसऱ्याच नंबरचा निघे. आता डाव्या कानाने त्यांस मुळीच ऐकू येत नाही, उजव्याने बेताचे, आणि हातही किंचित कापतो.

जी गाडी घेऊन गेलो ती २००६ सालची, म्हणजे आमच्या कन्येपेक्षा वयाने थोडी वडीलच. हायब्रिड जातीची, पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा एकत्र संसार. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९०० सालच्या सुमारास व्हिएन्नातील लोनर यांच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शे याने असा संसार मांडून पाहिला होता. पण तो बाजारात रुजण्यास शतक लोटावे लागले. १९९७ च्या डिसेंबरात जपानात टोयोटाची प्रियस विक्रीस आली, १९९९ च्या डिसेंबरात होंडाची इनसाइट अमेरिकेत उतरली, आणि त्यापुढील दहा वर्षांत कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर ह्या जातीची गर्दी झाली. सरकारने उत्तेजन म्हणून अशा पंचाऐंशी हजार गाड्यांस पिवळे बिल्ले दिले होते; ते चिकटवले की एकट्या माणसासही भरल्या गाड्यांच्या राखीव पट्टीतून जाता येई. ती सवलत २०११ च्या जुलैत संपली. आमच्या गाडीच्या मागील बाजूस पहिल्या मालकाचा तो पिवळा बिल्ला, उडालेल्या रंगाचा, अजून आहे. गाडी कोणत्या कारखान्याची हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दोन लाख मैल चालल्यावर कोणत्याही घराण्याचा पंप म्हातारा होतोच.

तीन आठवड्यांनी हीच गाडी घेऊन आमची कन्या घरापासून शंभरावर मैल दूर, डेव्हिस येथील विद्यापीठात शिकावयास जाणार होती. निदान आमचा तसा बेत होता. सौभाग्यवतींचा नव्हता. ‘इतकी जुनी गाडी, पोर एकटी, रात्रीअपरात्री रस्त्यात थांबली तर?’ हा त्यांचा प्रश्न घरात महिनाभर फिरत होता, आणि न्यू जर्सीस असलेले आमचे वडील बंधू दूरध्वनीवरून त्यास दर रविवारी पाणी घालीत होते.

सॅन होजेहून पहाटे निघून, आल्टामाँटच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या मागे टाकून आम्ही ओकडेल, ग्रोव्हलंड या मार्गे योसेमिटीत शिरलो. वाटेत काकांची मोठी पंचाईत झाली. सिग्नलपाशी गाडी थांबली की तिचे इंजिन आपोआप बंद होते, हे त्यांस सांगितले होते. तरी दर वेळी त्यांचा हात समोरच्या फळीवर जाई. थरथर लागत नाही असे पाहून ते म्हणत, ‘अरे, गेली!’ आणि इतक्यात गाडी निमूटपणे पुढे सरके. एका मुक्कामी गाडी बंद करून आम्ही उतरलो, तरी आतून बारीक गुणगुण ऐकू येत राहिली. वस्तुतः ह्या गाडीत चहाच्या थर्मासासारखी एक टाकी असते. गाडी थांबवली की इंजिनातले तापलेले पाणी एक छोटा पंप त्या टाकीत भरून ठेवतो. तीन दिवसांपर्यंत ते ऊन राहते आणि पुढच्या खेपेस गार इंजिनाला स्नान घालते. काकांनी हे सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘बंब मागाहून बसवलेला दिसतोय ह्या लोकांनी.’ दिवसभर त्यांस ही कल्पना पुरली.

टायोगा खिंड ९,९४३ फूट उंचीवर आहे. हिवाळ्यात बर्फाने हा रस्ता महिनोन्‌महिने बंद असतो. खिंड ओलांडून ली व्हायनिंग गावी उतरताना मोनो सरोवर दिसू लागते. खारे, क्षारयुक्त, मासा म्हणून एक नाही, परंतु क्षारमाश्या आणि बारीक कोळंबी यांवर लक्षावधी पक्षी जगतात. त्याच्या काठी चुनखडीचे पांढरे खांब उभे आहेत. पाण्याखालच्या झऱ्यांतले चुन्याचे द्रव्य सरोवरातील क्षारांशी मिळून ते घडले. पाणी उतरल्यावर उघडे पडले. पाणी उतरले ते आपोआप नव्हे. १९४१ पासून ह्या सरोवरास मिळणारे ओढे लॉस एंजेलिस शहराकडे वळवले गेले, आणि चाळीस वर्षांत पातळी पंचेचाळीस फुटांनी खाली गेली. १९९४ साली राज्याच्या जलमंडळाने ती पुन्हा ६,३९२ फुटांपर्यंत चढू द्यावी असा हुकूम केला. तेथवर ती अजून चढलेली नाही.

ओवेन्स दरीची कथाही पाण्याचीच. येथील मूळचे पायूट लोक दरीस ‘वाहत्या पाण्याची भूमी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ओढ्यांचे पाणी पाटांनी वळवून ते रानातील कंद वाढवीत असत. पुढे गोरे शेतकरी आले, त्यांनी बागा लावल्या. मग लॉस एंजेलिसने जमिनी विकत घेतल्या, आणि १९१३ च्या नोव्हेंबरात विल्यम मलहॉलंड या अभियंत्याने बांधलेला, दोनशेहून अधिक मैल लांबीचा पाट सुरू झाला. त्यावर एकही पंप नाही. सगळे पाणी केवळ उताराने शहरापर्यंत जाते. अभियंता म्हणून पाहिले तर मान डोलवावी, आणि ओवेन्स सरोवराचा पांढरा कोरडा तळ पाहिला तर मान खाली घालावी. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावरून दिसतात.

बिशप गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेस मँझानार पाहिले. स्पॅनिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ सफरचंदांची बाग. पाणी गेल्यावर बाग सुकली, आणि १९४२ साली त्याच ओसाड जागी, जपानी वंशाचे म्हणून घरादारातून उठवलेल्या लोकांस कुंपणाच्या आत ठेवण्यात आले. एका वेळी दहा हजारांवर माणसे येथे होती. त्यांतील बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक. १९४५ साली छावणी मोडली. १९८८ साली सरकारने कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले. वाळूत पुरलेली त्यांनी रचलेली उद्याने, दगडांची कोरडी तळी आणि छोटे पूल आता पुन्हा उकरून काढले आहेत. काका एका तळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले. दगड बसवणाऱ्याने सांध्यात चुना कसा भरला आहे ते त्यांनी बोट फिरवून पाहिले, आणि काही बोलले नाहीत. बाहेर उन्हात आमची जपानी बनावटीची गाडी उभी होती. कन्येने त्याकडे पाहून काही म्हटले, ते तिच्या आईने तिला पुढे बोलू दिले नाही.

दुपारी परत उत्तरेस निघालो. व्हाइट पर्वतावरील ब्रिसलकोन देवदार, ज्यांतील एकाचे वय ४,८०० वर्षांवर भरते, पाहण्याचा बेत होता. परंतु उशीर झाल्याने तो सोडला. बिशप सोडले की शेर्विनचा घाट लागतो. थोड्या मैलांत रस्ता चार हजारांवरून सात हजार फुटांवर चढतो. ऊन रणरणत होते. निम्मा घाट चढलो असू, तोच समोरच्या पडद्यावर तांबडा त्रिकोण पेटला आणि गाडीचे बळ ओसरू लागले. पायाखालची कळ दाबावी तरी ती चालावयास तयार नाही. कडेस घेतली, गार हवेचे यंत्र बंद केले, उतरलो.

सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाण्याची सुरई काढली आणि काकांस सावलीत बसवले. हे न बोलणेच अधिक जड होते.

कन्येने फळीखालच्या खाचेत हातभर अंतरावरून वाचता येणारे एक लहानसे यंत्र खोवले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीस ही खाच असते, आणि गाडीने स्वतःच्या दुखण्याचा जो सांकेतिक आकडा लिहून ठेवलेला असतो, तो त्यातून वाचता येतो. आकडा निघाला पी०ए९३. अर्थ, इन्व्हर्टरची शीतलव्यवस्था बिघडली आहे.

येथे वाचकांस दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. हायब्रिडच्या मागील बाजूस एक मोठी बॅटरी असते. आमच्या गाडीत तिचा दाब सुमारे दोनशे व्होल्ट. ही वीज एकदिश असते, आणि मोटरला लागते ती उलटसुलट वाहणारी. हा पालट जी पेटी करते ती इन्व्हर्टर. बॉनेटखाली ती रुपेरी पेटी दिसते, आणि तिच्याकडे येणाऱ्या तारा नारिंगी असतात. पालट करताना ती तापते. म्हणून तिच्या अंगातून पाणी खेळवावे लागते. थोडक्यात, अशा गाडीत पाण्याचे फेरे दोन. एक इंजिनाचा, एक इन्व्हर्टरचा. पहिला आटला तर धूर निघतो, काटा चढतो, साऱ्या रस्त्याला कळते. दुसरा थांबला तर बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी आपणच आपले बळ कमी करते, आणि तेही न जुमानता कोणी रेटले तर जी पेटी जाते तिच्या किमतीत जुनी गाडी येते.

काकांस हे दोन फेऱ्यांचे प्रकरण ठाऊक नव्हते. नारिंगी तारांस हात लावावयाचा नाही, गाडी बंद केल्यावरही आत काही मिनिटे वीज साठून असते, एवढे कन्येने त्यांस बजावले. त्यांनी मान हलवली, आणि मग कार्यशाळेतल्या जुन्या क्रमाने विचारावयास सुरुवात केली.

‘पाणी आहे का?’

इन्व्हर्टरच्या शेजारी अर्धपारदर्शक डबा असतो. त्यात गुलाबी द्रव रेघेपर्यंत भरलेला होता. कन्या म्हणाली, ‘आजोबा, पाणी पुरेसं आहे. म्हणजे ते नव्हे.’

‘अगं, आहे हे कळलं. हलतं का?’

ह्या प्रश्नाचे मोल आम्हांस त्या क्षणी कळले नाही. पाऊण तास गाडी निवू दिली. मग झाकण उघडून गाडीची कळ चालू केली. अशा डब्यात पंप चालत असता पाणी भोवऱ्यासारखे फिरताना दिसते. आमच्या डब्यातील पाणी ताटातल्या तीर्थासारखे निश्चल होते.

काकांनी लांब पेचकस मागितला. पंप डाव्या दिव्याच्या मागे, खालच्या अंगास असतो. फटीतून त्यांनी पेचकसाचे टोक पंपाच्या अंगास टेकवले, आणि मूठ कानाशी नव्हे तर कानामागच्या हाडास लावली. कान गेले तरी हाड ऐकते, असे त्यांनी आम्हांस पूर्वी एकदा सांगितले होते. डोळे मिटून ते मिनिटभर उभे राहिले. ‘मेलेला आहे.’ मग पान्याच्या दांड्याने पंपास हलकेच दोन टिचक्या मारल्या, पुन्हा मूठ हाडास लावली. डब्यातले पाणी क्षणभर गिरकी घेऊन थांबले. ‘वीज येतीये. आतच अडकलाय. बेअरिंग गेलं.’

पहिल्या फाट्यावर वळून, थांबत थांबत, उताराने आम्ही बिशपला परतलो.

त्या रात्री जो विचारविनिमय झाला त्याचे सविस्तर वर्णन करीत नाही. प्रत्येक घरात तो कधी ना कधी झालेला असतो. एका मोठ्या गावातील दुरुस्तीवाल्यांशी बोललो. गाडी ओढून नेण्याचा खर्च, पंप, मजुरी मिळून त्यांनी हजार डॉलरांच्या पुढचा आकडा सांगितला, आणि तोही मंगळवारपूर्वी नाही. न्यू जर्सीहून वडील बंधूंनी सल्ला दिला की गाडी तेथेच भंगारात टाकावी, काकांस भाड्याच्या मोटारीने परत आणावे आणि कन्येसाठी नवी गाडी हप्त्याने घ्यावी. नव्या गाडीचा हप्ता आणि विद्यापीठाची फी ही दोन्ही एका पगारातून कशी निघणार, हे मात्र दूरध्वनीवर कोणी विचारले नाही. सौभाग्यवतींनी दशम्या आणि तिळाची चटणी वाढता वाढता एवढेच म्हटले, ‘आज आपण चौघं होतो. ती एकटी असती तर?’

काका म्हणाले, ‘सूनबाई, हा प्रश्न बरोबर आहे. पण तो गाडीला विचारू नकोस, तिला विचार.’

कन्या ताटातून मान वर न करता म्हणाली, ‘मी कडेला घेतली असती. आकडा वाचला असता. पाणी आहे का ते पाहिलं असतं.’ जरा थांबून तिने पुस्ती जोडली, ‘हलतं का, ते नसतं पाहिलं.’

रविवारी सकाळी सुट्या भागांच्या दुकानात पंप मिळाला. शंभर डॉलरांच्या आतबाहेर. सोबत गुलाबी शीतक द्रवाचा डबा, तारांतील वीज मोजण्याचे साधे मीटर आणि पातळ रबरी नळी घेतली. निवासगृहाचे मालक चरोतरकडचे पटेल होते. ह्या देशातील रस्त्यांवरची निवासगृहे पुष्कळ अंशी त्यांच्याच ज्ञातिबांधवांनी चालवलेली आहेत. काकांनी त्यांच्याशी अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या गुजरातीत असे काही सूत जमवले की मागील आवारातील सावली, एक पत्र्याचे घमेले आणि गाडीखाली लावावयाच्या दोन घोड्या इतके साहित्य बोलता बोलता जमा झाले. घोड्या मिळेपर्यंत काकांनी कोणास गाडीखाली जाऊ दिले नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालणारा एक मदतनीस त्यांनी दापोडीस येण्यापूर्वी, पहिल्याच नोकरीत, पाहिला होता. त्याचे पुढे काय झाले हे ते सांगत नाहीत.

प्रथम किल्ली. ह्या गाडीची किल्ली खिशात असली तरी गाडी ओळखते, आणि गाडी ‘तयार’ असली की इंजिन मनास येईल तेव्हा आपोआप सुरू होते. मग पट्ट्याजवळ कोणाचे बोट आहे ते पाहत नाही. म्हणून किल्ली सौभाग्यवतींच्या पर्समध्ये घालून त्यांस खोलीवर बसवले. नंतर मागील कोपऱ्यातील बारा व्होल्टच्या लहान बॅटरीची ऋण तार सोडली. येथे एक गंमत आहे. मागचे दार विजेवरच उघडते. तार सोडून दार लोटले की पुन्हा बाहेरून उघडता येत नाही. दारात पटेलांची वहाण घालून ठेवली.

पंपास तेवढीच बारा व्होल्टची वीज लागते, नारिंगी तारांशी त्याचा संबंध नाही. तेव्हा हे काम घरच्या माणसास करण्यासारखे आहे. तरी मीटर लावून खात्री केली. तार क्षणभर जोडून पाहिली तेव्हा पंपाच्या खाचेत वीज पुरेपूर येत होती, आणि पंप हलत नव्हता. रोग्याची नाडी दोन वैद्यांनी पाहिल्यासारखे झाले.

कन्या सतरंजीवर उताणी झाली. खालचे झाकण निघाले, पुढच्या बंपरची एक बाजू सैल केली, तेव्हा पंप दिसला. मुठीएवढा काळा गोळा, दोन नळ्या आणि एक तारेची खाच. नळ्यांच्या कड्या पकडीने मागे सरकवल्या. एक नळी वीस वर्षांच्या सवयीने चिकटून बसली होती. ‘ओढू नकोस, पिळ,’ काका खुर्चीवरून म्हणाले. ती सुटली, आणि गुलाबी द्रव भळकन घमेल्यात आला. तो चवीस गोड असतो आणि विषारी असतो. पटेलांची मांजर वास घेत आली होती, तिला उचलून आत नेऊन ठेवले, आणि घमेले लगेच बंद डब्यात रिकामे केले.

नवा पंप बसवताना पहिला बोल्ट मी लावतो असे काका म्हणाले. ते गुडघे टेकून वाकले. बोल्ट भोकाशी नेला. हात कापत होता. आटा तिरका धरला जात होता, हे त्यांस बोटांना कळले असावे. दोनदा पाहून त्यांनी बोल्ट काढून घेतला आणि कन्येच्या तळहातावर ठेवला. ‘आटे जातील. तू लाव. आधी उलटा फिरव. आत टक् असं बसलं की मग सुलट. बोटांनी तीन आटे गेल्याशिवाय पान्याला शिवायचं नाही.’ तिने उलटा फिरवला, थांबली, सुलट फिरवला. पुढचे सगळे बोल्ट तिनेच लावले. काका खुर्चीवर बसून मोजीत होते.

खरे काम त्यापुढेच होते. नवे पाणी भरले तरी नळ्यांतील उंचवट्यांत हवा अडकून राहते, आणि हवेपुढे पंप हतबल असतो. डिझेलच्या गाडीत तेलाच्या नळीत हवा शिरली तर साऱ्या एस. टी.ची वाट अडते. काकांचे निम्मे आयुष्य ती हवा काढण्यात गेलेले. त्यामुळे ह्या पाठात ते सर्वांत पुढे होते. हवा सोडावयाचा छोटा स्क्रू सैल केला, त्यास पातळ नळी लावून तिचे दुसरे टोक डब्यात सोडले, आणि किल्ली मागवून पंप चालू केला. प्रथम नळीतून नुसते फुत्कार आले. मग फेस. मग गुलाबी रेघ आणि मधे मधे बुडबुडे. डबा ओसरे तसा कन्या द्रव ओतीत होती. ‘अजून. अजून. मोठा बुडबुडा येईल एक, त्याची वाट बघ.’ पुष्कळ वेळाने तो आला, आणि डब्यातले पाणी एकाएकी ताक घुसळल्यासारखे फिरू लागले. सौभाग्यवती किल्ली घेऊन आल्या होत्या त्या तेथेच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वाकून डब्यात पाहिले, आणि विचारले, ‘हे असं फिरलं पाहिजे का नेहमी?’ कन्येने होय म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग हे मलाही दिसतं की.’

सांकेतिक आकडा पुसून टाकला. दुपारचे ऊन उतरल्यावर आम्ही पुन्हा शेर्विनच्या घाटास लागलो. कन्या चालवीत होती, काका शेजारी, यंत्र त्यांच्या मांडीवर. इन्व्हर्टरची उष्णता दर मिनिटास ते मोठ्याने वाचीत होते. निम्म्या घाटात, आदल्या दिवशी थांबलो होतो त्या वळणावर, आकडा एकशे वीस अंश फॅरनहाइटच्या आसपास होता. तो तेथेच राहिला. माथा आला, डेडमन शिखरावरील देवदार आले, मोनो सरोवरावर सांज पडली होती. टायोगाच्या चढणीवर काकांनी वाचणे थांबवले आणि डोळे मिटले. घरी पोहोचण्यास मध्यरात्र झाली.

ह्या गाडीचे सर्व दुखणे संपले असे नव्हे. इंजिन हजार मैलांस शेरभर तेल पिते, ते दर दोन टाक्यांनंतर पाहावे लागते. मोठ्या बॅटरीच्या पंख्याची जाळी मागील आसनाच्या कडेस असते. ती आम्ही परतल्यावर उघडली, तो पहिल्या मालकाच्या कुत्र्याचे केस नारळाच्या शेंडीएवढे निघाले. अशा गाड्यांच्या बॅटऱ्या अकाली जातात त्यांतील कित्येक ह्याच जाळीपायी गुदमरतात, आणि साफ करण्यास ब्रश व अर्धा तास एवढेच लागते. लहान बॅटरी दिवाळीत बदलली.

गाडी आता डेव्हिसला आहे. पेचकस, पाने, मीटर आणि नारिंगी तारांविषयीची काकांच्या हातची मराठी चिठ्ठी हे सर्व मागील कप्प्यात आहे. सौभाग्यवती दर रविवारी दूरध्वनीवर आधी जेवणाचे विचारतात आणि मग पाणी हलते का ते विचारतात. जुना पंप काकांनी फडक्यात गुंडाळून पुण्यास नेला. विमानतळावर तो तपासणीत दोनदा बाहेर निघाला म्हणे. तेथे त्यांनी तो फोडून पाहिला, आणि पत्राने कळवले आहे की बेअरिंगच गेले होते.